चिठ्ठीपलीकडचा उपचार

सांधेदुखीची बाई दवाखान्यातून बाहेर पडते तेव्हा तिच्या पिशवीत इंग्रजीत लिहिलेली चिठ्ठी असते, औषधांच्या कापून दिलेल्या पट्ट्या असतात आणि रक्ततपासणीचा रिपोर्ट असतो. या सगळ्या वाचायच्या वस्तू आहेत. २०११ च्या जनगणनेत अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याची साक्षरता सुमारे ७९ टक्के होती आणि स्त्रियांची सुमारे ७१ टक्के. दर दहा बायांमागे जवळपास तिघींना अक्षरओळख नाही, असा त्याचा सरळ अर्थ. त्यातही सांधे धरतात ते बहुधा चाळिशी-पन्नाशीच्या पुढे, आणि शाळेची पायरी न चढलेली पिढी नेमकी तीच. साक्षर म्हणून मोजल्या गेलेल्यांपैकी कितीजणांना सहीच्या पलीकडे जाऊन पाकिटावरचा बारीक मजकूर वाचता येतो, हा प्रश्न आणखी वेगळा.

मंडळी, आजच्या व्याख्यानाचा विषय या रुग्णांचं शिक्षण हा आहे. ‘अडाणी माणसाला काय समजवायचं’ हे वाक्य दवाखान्यांत आजही ऐकू येतं. ते खोटं आहे, आणि ते खोटं असल्याचा पुरावा याच जिल्ह्यात, जामखेडला, पन्नास वर्षांपूर्वी उभा राहिला. तिथवर जाण्याआधी सांध्यांच्या दुखण्यातच शिक्षणाला एवढं महत्त्व का, ते पाहायला हवं.

अपेंडिक्सचं ऑपरेशन डॉक्टर करतो. रुग्ण टेबलावर झोपलेला असतो. सांध्यांच्या आजारात हे उलटं आहे. आमवाताचा, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचा रुग्ण डॉक्टरसमोर दोन-तीन महिन्यांतून दहा मिनिटं बसतो. उरलेल्या सगळ्या दिवसांत गोळी कोणत्या वारी घ्यायची, कोणती थांबवायची, ताप आला तर काय करायचं, बोटं वाकडी होऊ नयेत म्हणून हंडा कसा उचलायचा, हे सारं तोच ठरवतो. गुडघ्याच्या झिजेत तर औषधाचा वाटा छोटा आणि व्यायाम, वजन, बसण्या-उठण्याची रीत यांचा मोठा. उपचार करणारा मुख्य माणूस रुग्णच आहे. आणि त्यालाच आपण काही शिकवलेलं नाही.

हे दुखणं किती पसरलेलं आहे याचा चांगला अंदाज नगर जिल्ह्याच्या उंबरठ्यावरून मिळतो. कर्जत तालुक्यातून भीमा ओलांडली की इंदापूर तालुक्यातलं भिगवण लागतं. पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ साली तिथे घरोघर पाहणी सुरू केली. जागतिक आरोग्य संघटना आणि संधिवात तज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना यांच्या ‘कॉपकॉर्ड’ या उपक्रमाचा तो भाग होता. चार हजारांहून अधिक प्रौढांची पाहणी झाली. १८ टक्क्यांच्या आसपास लोकांना सांधे, स्नायू, हाडं यांपैकी काही ना काही दुखत होतं, आणि दर दोनशे माणसांमागे सुमारे एकाला आमवात होता. विशेष म्हणजे प्रश्न विचारत दारोदार फिरणारे स्वयंसेवक भिगवणमधलेच होते. प्रश्नावली रुग्णाच्या हातात न देता ती त्याला वाचून दाखवली, बोलून भरली. निरक्षरता या पाहणीच्या आड आली नाही, कारण पाहणीची आखणीच ती गृहीत धरून झाली होती.

आकड्यांमागचं जगणं या भागातल्या लोकांना सांगायला नको. कांद्याची लागण आणि खुरपणी दिवसभर उकिडवं बसून होते. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडची कुटुंबं दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन कारखान्यांवर निघतात; ऊस तोडायचा, मोळी बांधायची आणि डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत चढवायची. परत येईपर्यंत होळी-पाडवा उजाडतो. म्हणजे वर्षातले पाच-सहा महिने रुग्ण गावात नसतो, त्याची फाइल मात्र गावाकडच्या दवाखान्यात असते. औषध तुटतं ते इथे. हा रुग्णाचा हलगर्जीपणा नव्हे. उचल घेतलेली असते, मुकादम थांबत नाही. ज्या डॉक्टरला हे वेळापत्रक ठाऊक आहे तो टोळी निघण्याआधीच पुढच्या महिन्यांत औषध कुठे मिळेल आणि रक्ततपासणी कुठे होईल याचं बोलणं उरकून घेतो.

आता जामखेड.

डॉ. रजनीकांत आरोळे याच जिल्ह्यातल्या राहुरीचे. ते आणि डॉ. मेबल आरोळे वेल्लोरला शिकले, पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास करून १९७० साली जामखेडला आले. सुरुवात झाली गुरांच्या जुन्या दवाखान्याच्या इमारतीत. त्या वेळी परिसरात हजार जन्मांमागे १७६ बाळं वर्षाच्या आत दगावत. आरोळ्यांचा पहिला बेत शिकलेल्या नर्सेस गावांत नेमण्याचा होता. तो फसला. शहरातून आलेली मुलगी गावात रमत नव्हती, आणि गावातल्या बाया तिचं ऐकत नव्हत्या. मग गावानंच आपल्यातली एक बाई निवडावी असं ठरलं. निवडून आल्या त्यांतल्या बहुतेक निरक्षर होत्या, पुष्कळजणी दलित वस्तीतल्या, काही नवऱ्यानं टाकलेल्या किंवा विधवा. आठवड्यातून एकदा त्या जामखेडला यायच्या, शिकायच्या, एकत्र जेवायच्या, रात्री मुक्काम करायच्या. निरनिराळ्या जातींच्या या बाया एकाच मोठ्या गोधडीखाली झोपत, ही आठवण आरोळ्यांनी लिहून ठेवली आहे. त्या मुक्कामात जे घडलं तेही शिक्षणच होतं.

शिकवण्याची पद्धत पाहण्यासारखी आहे. एका आठवड्याला एखादाच विषय. तो बोलून, दाखवून, करून घेऊन, गाण्यातून, छोट्या नाटुकल्यातून शिकायचा. गावी जाऊन दहा घरी सांगायचा. पुढच्या आठवड्यात येऊन लोक काय म्हणाले, कुठे हसले, कुठे अडले, ते सगळ्यांना सांगायचं. गावाचं म्हणणं असं परत जामखेडला यायचं आणि डॉक्टरही त्यातून शिकायचे. या बायांनी बाळंतपणं केली, जुलाबाच्या मुलांना मीठ-साखरेचं पाणी पाजायला आयांना शिकवलं, कुष्ठरोगाचे बधिर चट्टे लवकर ओळखले. पंचवीसएक वर्षांत बालमृत्यूचं प्रमाण हजारी वीस-पंचविसाच्या घरात आलं. आरोळे दांपत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याआधीच, १९७५ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेनं काढलेल्या एका पुस्तकात जामखेडवर स्वतंत्र प्रकरण आलं होतं. पुढे २००५ नंतर देशभर ‘आशा’ कार्यकर्त्या आल्या, त्या कल्पनेच्या पूर्वजांत जामखेडचं नाव घ्यावंच लागतं.

सांध्यांच्या विषयाशी जामखेडचा सर्वांत जवळचा धागा कुष्ठरोगाचा आहे. तिथे कुष्ठरुग्ण वेगळे ठेवले नाहीत, सर्वांच्या रांगेत तपासले. ज्याच्या हातापायाची संवेदना गेली आहे त्याला आयुष्यभर स्वतःची राखण करावी लागते. रोज संध्याकाळी पाय पाहायचे, भाजलं-कापलं का ते तपासायचं, गरम भांडं फडक्यानं धरायचं, अनवाणी चालायचं नाही. या सवयी छापील पत्रकानं लागल्या नाहीत. शेजारची बाई रोज विचारायची म्हणून लागल्या. आमवाताच्या रुग्णाला लागणाऱ्या सवयी याच जातीच्या आहेत, आणि त्याही अशाच लागतील.

मग आज सांधेदुखीच्या रुग्णाला नेमकं काय शिकवायचं? यादी फार लांब करण्यात अर्थ नाही. एका भेटीत एक, फार तर दोन गोष्टी माणूस घरी नेतो. त्यामुळे जीव वाचवणारी गोष्ट आधी.

ती गोष्ट म्हणजे मेथोट्रेक्सेट. आमवातावरचं हे जगभरातलं पायाचं औषध. स्वस्त आहे, गुणकारी आहे, सांधे वाकडे होण्यापासून वाचवतं. पण ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. आपल्याकडे ‘गोळी’ म्हटलं की ती रोजची, सकाळ-संध्याकाळची. चुकून हीच गोळी रोज घेतली गेली तर तोंड सोलवटतं, हाडांच्या मगजात रक्त तयार होणं थांबत जातं, जंतुसंसर्ग होतो आणि माणूस दगावूही शकतो. अशा दुर्घटना जगभर नोंदल्या गेल्या आहेत, आणि त्या शिकलेल्या रुग्णांच्या बाबतीतही घडल्या आहेत. त्यात आणखी एक अडचण आहे. मेथोट्रेक्सेटच्या जोडीला फॉलिक अॅसिड देतात, आणि आपल्याकडे बऱ्याचदा या दोन्ही गोळ्या पिवळ्या आणि लहानशा असतात. वाचता न येणारा माणूस औषध ओळखतो ते रंगावरून, आकारावरून. ‘पिवळी गोळी आठवड्यातून एकदा’ असं सांगणारा डॉक्टर नकळत खड्डा खणतो. दुकानदारानं पट्टी कापून दिली की नाव असलेला भागही जातो. पुढच्या खेपेला कंपनी बदलली तर रंगही बदलतो.

यावर उपाय अवघड नाही. खेड्यात आठवडा अंकांनी मोजला जात नाही, बाजारानं मोजला जातो. आपल्या गावचा बाजार कोणत्या वारी, हे विसरणारा माणूस सापडणार नाही. बाजाराच्या दिवशी रात्री जेवून ही गोळी, असं एकदा ठरलं की चूक होण्याची जागा पुष्कळ कमी होते. या औषधाची पिशवी वेगळी ठेवावी, तिला गाठ मारावी, आणि ती गाठ बाजाराच्या दिवशीच सोडावी. एका वेळी चार आठवड्यांपुरत्याच गोळ्या द्याव्यात. घरातल्या आणखी एकाला, सुनेला किंवा नातवाला, हे समोर बसवून सांगावं. तोंड आलं, ताप आला, धाप लागली तर बाजाराचा दिवस असला तरी गोळी न घेता दवाखाना गाठायचा. दारू टाळायची. मूल हवं असेल तर ते आधी डॉक्टरला सांगायचं, कारण गर्भावर या औषधाचा घातक परिणाम होतो. तरुण सुनेला हा आजार असेल तर ही शेवटची गोष्ट सासूसमोर नीट बोलता येत नाही. तिच्याशी एकटीशी बोलावं लागतं, आणि ते काम आशाताई डॉक्टरपेक्षा चांगलं करू शकते.

दुसरी गोष्ट स्टेरॉइडची. ‘एका सुईत मोकळं केलं’ अशी कीर्ती असलेले वैद्य आणि पुड्या देणारे लोक तालुक्या-तालुक्यांत आहेत. या पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. त्यानं पहिल्या आठवड्यात चमत्कार होतो, हे खरं. पुढे चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, आणि पुडी एकाएकी बंद केली तर जिवावर बेततं. डॉक्टरही स्टेरॉइड देतात, पण मोजून आणि ठरावीक काळापुरतं. रुग्णाला ‘पुडी घेऊ नका’ असं दरडावलं तर तो पुडी घेतच राहतो, फक्त सांगायचं बंद करतो. ‘पुडी आणली असेल तर दाखवा, अचानक थांबवू नका, आपण हळूहळू कमी करू,’ असं म्हटलं तर ती पिशवीतून बाहेर येते.

पथ्याचा विषयही लपूनछपून चालतो. वातूळ म्हणून डाळ सुटते, आंबट म्हणून दही आणि लिंबू सुटतं, आणि आधीच रक्त कमी असलेली बाई आणखी खंगते. गाउटसारख्या आजारात काही पथ्याला अर्थ आहे. आमवातात किंवा गुडघ्याच्या झिजेत डाळ सोडून कुणाचा सांधा सुधारलेला नाही.

गुडघ्याच्या रुग्णाला सांगायची एक साधी बाब अशी की काठी दुखऱ्या पायाच्या उलट हातात धरायची. उजवा गुडघा दुखत असेल तर डाव्या हातात. बहुतेक माणसं दुखऱ्या बाजूलाच काठी धरतात, कारण मनाला तेच पटतं. कुणी एकदा दोन पावलं चालवून दाखवलं की फरक तिथल्या तिथे कळतो. समजावून सांगायला शब्द लागत नाहीत. मांडीच्या पुढच्या स्नायूचा व्यायामही असाच. ओट्यावर बसायचं, पाय सरळ करायचा, दहा आकडे मोजेपर्यंत धरायचा, खाली सोडायचा. आकडे येत नसतील तर विठ्ठलाचं नाव दहा वेळा घ्यायला कुणाला शिकवावं लागत नाही. वजनाबद्दल अमेरिकेतल्या एका अभ्यासात असं दिसलं की एक किलो वजन घटलं तर दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोनं हलका होतो. हा आकडा रुग्ण लक्षात ठेवतात, कारण ओझं म्हणजे काय हे त्यांना कुणी सांगावं लागत नाही.

शिकवण्याच्या बाबतीत सर्वांत मोठी चूक एका प्रश्नात आहे. ‘समजलं का?’ या प्रश्नाला आपल्याकडे एकच उत्तर मिळतं: ‘हो साहेब.’ नाही म्हणणं म्हणजे साहेबांचा वेळ घेणं, त्यांचा मान न राखणं. त्याऐवजी विचारावं, ‘मावशी, घरी गेल्यावर सुनेला काय सांगाल?’ मग मावशी सांगू लागतात आणि पहिल्याच वाक्यात कळतं की कुठे गोंधळ झाला आहे. चूक निघाली तर ती सांगणाऱ्याची. त्यानं पुन्हा, वेगळ्या शब्दांत सांगायचं. जगभर रुग्णशिक्षणात ही रीत मान्य झालेली आहे आणि तिला एक पैसा खर्च येत नाही. लागतात दोन मिनिटं. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात ती दोन मिनिटंही महाग असतात, हे मान्य केलं तरी ती डॉक्टरनंच द्यायला हवीत असं कुठे आहे? नर्स, औषधं देणारा फार्मासिस्ट, फिजिओथेरपीचे विद्यार्थी यांतलं कुणीही ती देऊ शकतं. लोणीला प्रवरेच्या परिसरात फिजिओथेरपीचं कॉलेज आहे. तिथून दर वर्षी शिकून निघणाऱ्या मुला-मुलींना संगमनेरी किंवा पाथर्डीकडच्या बोलीत हा संवाद करता येणं, हेही त्यांच्या शिक्षणाचा भाग असायला हवं.

रुग्णाचं ऐकून घ्यायलाही रीत लागते. दुखणं मोजायला पुस्तकात दहा सेंटिमीटरची एक रेघ असते. एका टोकाला ‘अजिबात दुखत नाही’, दुसऱ्या टोकाला ‘असह्य’. ज्यानं कधी पट्टी हातात धरली नाही त्याला ती रेघ काही बोलत नाही. पण ‘रुपयात किती आणे गुण आला?’ असं म्हाताऱ्या माणसाला विचारून पाहावं. ‘दहा आणे’ किंवा ‘बारा आणे’ असं नेमकं उत्तर येतं, आणि पुढच्या खेपेशी ते ताडून पाहता येतं. सकाळचा ताठरपणा किती मिनिटं राहतो, हे घड्याळ न वापरणाऱ्या बाईला विचारण्यापेक्षा ‘उठल्यावर चूल पेटवता येते का, भाकरी थापेपर्यंत बोटं मोकळी होतात का’ हे विचारलं तर निदानाला उपयोगी पडेल असं उत्तर मिळतं. अर्ध्या तासाहून जास्त वेळ बोटं आखडलेली राहिली तर आमवाताची शंका घ्यायची, आणि पहिल्या काही महिन्यांत उपचार सुरू झाले तर सांधे पुष्कळ वाचतात. म्हणजे हा साधा प्रश्न विचारता येणारी आशाताई पुढचं अपंगत्व टाळू शकते.

चित्रांवर फार भरवसा ठेवू नये. मनगटापासून तोडून काढलेला हात, बाण, डावीकडून उजवीकडे जाणारे चौकोन हे सगळं वाचायला शिकलेल्या डोळ्यांसाठी असतं. चित्र काढायचंच तर पूर्ण माणसाचं, लुगड्यातल्या बाईचं, धोतर-टोपीतल्या म्हाताऱ्याचं काढावं, आणि छापण्यापूर्वी ते दहा बायांना दाखवून ‘यात काय चाललंय’ असं विचारावं. हल्ली घरोघरी मोबाइल आहेत. रुग्णाच्याच आवाजात, त्याच्याच गोळ्या समोर ठेवून केलेलं ध्वनिमुद्रण छापील पत्रकापेक्षा कितीतरी उपयोगाचं आहे.

जामखेडसारखाच एक अनुभव परदेशातही आला. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात केट लोरिग यांनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस सांधेदुखीच्या रुग्णांसाठी सहा आठवड्यांचा वर्ग सुरू केला. शिकवणारे डॉक्टर नव्हते; साधी माणसं होती, त्यांतली बरीचशी स्वतः सांधेदुखीनं त्रासलेली. पुढच्या अभ्यासांत एक महत्त्वाची गोष्ट दिसली. ज्यांचं दुखणं कमी झालं त्यांना आजाराची माहिती जास्त होती असं नव्हे. ‘मला हे जमतं’ हा विश्वास त्यांच्यात वाढला होता. नंतर कमी शिकलेल्या स्पॅनिशभाषक रुग्णांसाठी त्यांच्या भाषेत हा वर्ग चालवला, तिथेही गुण आला. जामखेडच्या बायांना आरोळ्यांनी औषधांच्या आधी शिकवला तो स्वतःवरचा विश्वासच होता. दोन खंडांत, एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन कामांतून एकच गोष्ट हाती आली. हे केवळ योगायोगानं झालं असेल, असं मानता येत नाही.

आणि ऐकून शिकण्याची सवय या मातीला नवी नाही. ज्ञानेश्वरी सांगितली गेली ती याच जिल्ह्यात, नेवाशाला, श्रोत्यांसमोर बसून. अक्षर न ओळखणाऱ्या माणसांनी पिढ्यान् पिढ्या अभंग, भारूड, ओव्या पाठ ठेवल्या. ज्या बाईला शंभर ओव्या मुखोद्गत आहेत तिला औषधाचे तीन नियम लक्षात राहणार नाहीत, असं म्हणायला जीभ धजावू नये.

असं शिकवणारं कुणी नसलं की काय होतं, ते चिकुनगुन्यानं दाखवलं. १९७३ मध्ये बार्शीला त्याची साथ आली होती. त्यानंतर तीसएक वर्षं तो आजार राज्यात विसरला गेला आणि २००६ मध्ये परतला. ताप आठवड्यात उतरला, सांधे मात्र कित्येकांचे महिनोन् महिने दुखत राहिले. हे दुखणं कशाचं, किती दिवस राहणार, स्टेरॉइडची सुई का घ्यायची नाही, हे सांगणारं कुणी गावात नव्हतं. सुया देणारे मात्र होते. पुढची साथ येईल तेव्हाही हेच होऊ द्यायचं का, याचा विचार आजच करायला हवा.

रक्तदाब, मधुमेह, कर्करोग यांसाठी गावपातळीवर तपासणीच्या मोहिमा आहेत, आणि त्या असायलाच हव्यात. सांध्यांचं दुखणं माणसाला लगेच मारत नाही म्हणून ते मागे पडलं. पण खुरपं धरता न येणारी बाई मजुरीवरून उठते, आणि तिच्या घरची चूल मंदावते. या जिल्ह्याच्या चौदाही तालुक्यांतल्या आशांच्या मासिक बैठकीत वर्षातून निदान दोनदा सांध्यांचा विषय घ्यावा: सकाळचा ताठरपणा ओळखणं, बाजाराच्या दिवसाची गोळी, पुडीचा धोका, काठीची बाजू. एवढंच. आणि इथे बसलेल्या प्रत्येकानं आज घरी गेल्यावर आपल्या आईला, आजीला किंवा शेजारच्या म्हाताऱ्याला त्यांच्या गोळ्यांची पिशवी आणायला सांगावं, एकेक गोळी हातात घेऊन ‘ही कधी घेता?’ असं विचारावं, आणि उत्तरात चूक आढळली तर उद्याच त्यांना घेऊन दवाखान्यात जावं.